स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे

ब्राउझरमध्ये पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडले की त्याचा कोड उघडतो. त्यातला आकडा बदलताच पडद्यावरचाही बदलतो. बँकेतली शिल्लक असो वा परीक्षेचे गुण, बदल होतो तो आपल्या संगणकावरच्या प्रतीत. सर्व्हरवरची नोंद तशीच राहते, रिफ्रेश केले की सारे पूर्ववत. पण मधल्या वेळात घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये खाडाखोडीची खूणही दिसत नाही. परताव्याच्या नावाखाली संगणकाचा ताबा मिळवणारे भामटे हेच करतात: शिल्लक फुगवून दाखवायची आणि ‘जादा आलेले पैसे’ परत मागायचे.

मग ही सोयच बंद करावी, असे कोणी म्हणेल. ते घातक ठरेल, कारण पानातल्या चुका आणि माहितीची गळती याच मार्गाने सापडतात. २०२१मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या सरकारी संकेतस्थळाच्या कोडमध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (गोपनीय ओळखक्रमांक) असल्याचे एका पत्रकाराने उघड केले. गव्हर्नर माइक पार्सन यांनी त्यालाच हॅकर ठरवले. २०२२मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरला नाही, हे योग्यच झाले. कोड पाहणे गुन्हा नाही, त्याआधारे फसवणे हा गुन्हा आहे. म्हणून सोय बंद करण्यापेक्षा, कोणी दाखवलेल्या पडद्यावर विसंबू नका; पैसे पाठवण्यापूर्वी शिल्लक स्वतःच्या फोनवर, बँकेच्याच अ‍ॅपमध्ये तपासा.