डांग्या खोकला : शोध बाळापाशी थांबू नये

गोंदिया : डांग्या खोकल्याचे निदान होते तेव्हा संसर्ग बहुधा पुढे निघून गेलेला असतो. पहिले एक-दोन आठवडे साधी सर्दी, बारीक ताप आणि खोकला एवढीच लक्षणे दिसतात. रोग सर्वाधिक पसरतो तो याच दिवसांत. श्वास ओढताना विशिष्ट आवाज करणारी उबळ त्यानंतर येते. प्रतिकारशक्ती नसलेल्या घरातील ८० ते ९० टक्के व्यक्तींना लागण होऊ शकते. त्यामुळे एखादे मूल रुग्ण ठरले, की आरोग्य यंत्रणेचे खरे काम त्याच्या निकट सहवासातील माणसांपासून सुरू होते.

हा रोग इतिहासजमा झालेला नाही. युरोपात २०२३ पासून एप्रिल २०२४ पर्यंत सुमारे ६० हजार रुग्ण नोंदले गेले, तर अमेरिकेत २०२४ या एका वर्षात ३५ हजारांहून अधिक.

भारतात बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट आणि पुढे १६ ते २४ महिन्यांत व पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीची वर्धक मात्रा मिळते. दहाव्या व सोळाव्या वर्षीच्या 'टीडी' लशीत डांग्या खोकल्याचा घटक नसतो. गर्भवतींना सरकारी कार्यक्रमातून मिळते तीही 'टीडी'च. लशीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते. परिणामी शाळकरी भावंडे, आई, आजी-आजोबा यांचा 'लांबलेला खोकला' हाच पहिल्या सहा आठवड्यांच्या बाळाला सर्वांत मोठा धोका ठरतो. या वयात उबळीचा आवाज येईलच असे नाही. बाळाचा श्वास मध्येच थांबतो, ते निळे पडते.

संपर्कातील व्यक्तींना, त्यांनी लस घेतलेली असली तरी, अझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा प्रतिबंधक उपचार वैद्यकीय सल्ल्याने देता येतो. मात्र रुग्णाचा खोकला सुरू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत. ज्या घरात तान्हे बाळ किंवा दिवस भरत आलेली गर्भवती आहे, तेथे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

आता ही मुदत गोंदियाच्या नकाशावर ठेवून पाहावी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका अंगाला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. सोयरिकी सीमेपलीकडे, बाळंतीण माहेरी जाते ती अनेकदा दुसऱ्या राज्यात. देवरी, सालेकसा या तालुक्यांत आश्रमशाळेतील मूल सुटीत खोकला घेऊन घरी येते. रोवणीच्या दिवसांत घरातील बाया सकाळीच बांधीवर गेलेल्या असतात. दुपारी जाणाऱ्या कर्मचाऱ्याला दारी भेटणार कोण? संपर्कांची यादी रुग्णाच्या गावापुरतीच राहिली, तर ती निम्मीच ठरेल. पाहुण्यांची नावे शेजारच्या राज्यातील आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवायला हवीत.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. नवजात बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देते. पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा मिळेपर्यंतचा असुरक्षित काळही नेमका तेवढाच. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाला क्षयाच्या तपासणीला पाठवण्याची सवयही तिला आहे. थुंकीचा नमुना निर्दोष आला, की आज तो कागद मिटला जातो. त्या घरात बाळ आहे का आणि ते किती दिवसांचे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा.