हिजरी कॅलेंडर घेऊन समुद्रावर

तुर्की मालिका आपल्या घरांत शिरल्यापासून अंतालिया हे नाव शाळकरी मुलींनाही पाठ झालं आहे. निळं पाणी, मागे डोंगर, काठाला संत्र्याच्या बागा. अंतालिया, अलेक्झांड्रिया, नीस ही भूमध्य समुद्राकाठची गावं फोटोत पाहिली की कुणालाही जावंसं वाटावं. पण कोंढव्यातल्या किंवा मोमिनपुऱ्यातल्या पाच माणसांच्या कुटुंबानं तिकडचा खर्च काढायला घेतला, की आधी उमरा की आधी अंतालिया असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांत ठरलेलं असतं. मग ईदची सुट्टी आली की गाडी ताम्हिणी घाटाकडे वळते. त्यात कमीपणा काही नाही. पुण्याहून साधारण १६० किलोमीटरवर श्रीवर्धन, त्याच्या अलीकडे दिवेआगर, पलीकडे हरिहरेश्वर. उत्तरेला दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली की मुरूड-जंजिरा, दक्षिणेला बाणकोटची खाडी ओलांडली की केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ. एवढा देखणा किनारा पाच तासांच्या अंतरावर असलेली शहरं जगात फार नसतील.

मात्र फोटोतला तो समुद्र आणि आपला समुद्र यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो फोटोत दिसत नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम १४ किलोमीटर रुंद, बाकी सगळा समुद्र जमिनीनं वेढलेला. ट्युनिशियातल्या गाबेसच्या आखातासारखी एखादी जागा सोडली, तर तिथलं पाणी दिवसभरात वीतभर किंवा हातभर वर-खाली होतं. सकाळी जिथे चटई टाकली तिथेच संध्याकाळपर्यंत बसता येतं. आपल्याकडे तसं नाही. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. दक्षिणेला ते कमी होत जातं, पण दिवेआगरसारख्या सपाट किनाऱ्यावर उभ्या मापानं दोन-तीन मीटर उतरलेलं पाणी आडव्या मापानं शे-दोनशे मीटर आत गेलेलं असतं. दुपारी गुडघाभर पाण्यात खेळणारी मुलं तेवढंच पाणी शोधत संध्याकाळी कुठवर पोचतात, हे काठावर बसलेल्या अम्मीच्या लक्षातही येत नाही.

आता मुद्द्याचं सांगते. हे पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, याचा हिशेब आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. तो म्हणजे हिजरी कॅलेंडर.

कोकणातले नाखवे, मग ते कोळी असोत की रत्नागिरीकडचे दालदी, भरतीची वेळ घड्याळाआधी चंद्रावरून काढत आले आहेत. त्यांची रीत अशी : तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार, आणि मधल्या बाराच्या सुमारास पूर्ण उतरणार. पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकपासून. भरती रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यावरून हा पाऊण आला. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे ते कमी हलतं, त्याला भांग म्हणतात.

आपला महिना चाँद दिसल्यावर सुरू होतो, त्यामुळे आपली तारीख तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे असते. म्हणून हिजरी तारखेत एक मिळवा, कधी दोन, आणि मग पाऊणनं गुणा. आलेल्या वेळेत गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तो गृहीत धरा. मोबाईलवर भरतीचं तक्ता-वेळापत्रक मिळतं तेही जरूर पाहा. पण घाटात आणि कोकणातल्या वळणांवर रेंज जाते. डोक्यातला पाढा जात नाही.

यातून एक मजेची गोष्ट निघते. ईद कधी उन्हाळ्यात येते, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत. पण ईदच्या दिवसाची भरती मात्र दरवर्षी जवळपास त्याच वेळेला. ईद-उल-फित्र म्हणजे शव्वालची पहिली, म्हणजे तिथीनं दुसरी-तिसरी : भरती दुपारी दीड ते सव्वादोन. बकरी ईद नेहमी दहावीला : भरती सकाळी आठ ते नऊ, ओहोटीचा तळ दुपारी दोन ते तीन. मोहरमच्या दहावीलाही तेच. पंधराव्या शाबानला भर उधाण. ऋतू बदलला तरी हे बदलत नाही, कारण आपला महिना चंद्राशी बांधलेला आहे आणि समुद्रही.

आणि इथेच काळजीची बाब आहे. आपल्याकडे पहिल्या दिवशी नमाज, शीरखुर्मा, गाठीभेटी. समुद्राला जायचं ते बासी ईदला. बासी ईद म्हणजे शव्वालची दुसरी. तिथी तिसरी-चौथी, म्हणजे भरती सव्वादोन ते तीन. पुण्याहून पहाटे निघालेली गाडी सामान टाकून, जेवून किनाऱ्यावर पोचते ती तीन-चार वाजता, नेमकी पाणी परतायला लागल्यावर. तिथून मगरिबनंतरही कितीतरी वेळ पाणी आतच ओढत राहतं, आणि दिवस उधाणाचे, म्हणून ती ओढही मोठी. ऊन कलतं, वारा सुटतो, किनारा सुंदर दिसतो, मुलं पाण्यामागे धावतात. वर्षातल्या ज्या संध्याकाळी आपली सर्वांत जास्त कुटुंबं पाण्यात असतात, ती पाण्यात उतरायला वाईट संध्याकाळ आहे. त्या दिवशी किनाऱ्यावर बसा, वाळूत किल्ले करा, उंटावर बसा, पण मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका. भिजायचंच असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी दहा ते दोन जा. पाणी चढतं असतं, आणि चढतं पाणी माणसाला काठाकडे ढकलतं.

पण हा हिशेब पुरेसा आहे असं कुणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ तरुण मुलं-मुली बुडाली. त्यांतली बहुतेक नावं आपल्याच मोहल्ल्यांतली होती. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि त्यांच्या आईवडिलांना सबर देवो. त्या दिवशी रबीउलआखिरची २१-२२ तारीख होती, चंद्र अर्धा, म्हणजे भांगेचे दिवस. उधाण नव्हतं, पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. तरीही. खाडीच्या मुखाजवळ आणि खडकांच्या कडेला वाळूखाली खळगे असतात, लाटा परतताना एखाद्या पट्ट्यातून जोरानं आत जातात, आणि पोहता न येणारा माणूस कमरेइतक्या पाण्यातही पाय सुटून जातो. हातात हात धरून साखळी करणं हा उपाय वाटतो, प्रत्यक्षात एक घसरला की साखळी ओढली जाते. जून ते सप्टेंबर तर पाण्यात पाय घालण्याचं नावच काढू नये. जूनची १ ते जुलैची ३१ कोळी स्वतः होड्या काढत नाहीत, बंदी असते. ज्या पाण्यात कोळी जात नाही तिथे आपण कोण?

कपड्यांबद्दल थोडं, कारण हे कुणी लिहीत नाही. ओला बुरखा किंवा घोळदार अबाया पायात अडकतो, त्यात वाळू भरते, तो जड होतो. लाटेत तोल गेला तर उठता येत नाही. ओढणीचंही तसंच. म्हणून आपल्या बायका बहुतेक वेळा चटईवर बसून सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल राखतात, आणि मुलगे नि पुरुष भिजून येतात. हे मला पटत नाही. पडदा सांभाळायचा आणि पाणीही अनुभवायचं, तर गडद रंगाचा, अंगासरशी पण सैलसर कुर्ता, खाली बसत्या घोट्याची सलवार, पिन लावलेला छोटा स्कार्फ, आणि वेळ फजरनंतरची. त्या वेळी दिवेआगरच्या लांबच लांब किनाऱ्यावर सुरूच्या बनाशेजारी दोन-चार माणसं असतात. महिन्याची १३ ते १६ तारीख धरून गेलात तर पहाटे ओहोटीचा तळ असतो, वाळू ओली आणि रस्त्यासारखी घट्ट, सासूबाईंनाही चालता येईल अशी. साताठ वाजता पाणी हळूहळू पायांकडे यायला लागतं. त्याच घट्ट वाळूला भुलून काहीजण गाड्या आत घालतात. चाक रुतलं आणि पाणी चढू लागलं की ट्रॅक्टर शोधेपर्यंत इंजिनात खारं पाणी. हप्ते मात्र चालू राहतात.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दाभोळ या पट्ट्यात मशिदीची आणि हलाल जेवणाची अडचण नाही. पण पुणेकरांना दोन गोष्टी गोंधळात टाकतात. कोकणी मुसलमान शाफई आहेत, आपण पुण्यात बहुतेक हनफी. त्यांच्याकडे असरची अजान आपल्यापेक्षा बरीच आधी, कधी तासभर आधी होते. 'अजून वेळ आहे' म्हणून किनाऱ्यावर रेंगाळलात तर जमात निघून गेलेली असते. आमीन मोठ्यानं ऐकू आलं तर मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती नमाजमध्ये एकमेकांकडे बघतात. दुसरी गोष्ट दस्तरखानावरची. त्यांच्याकडे समुद्रातलं सगळं चालतं, आपल्याकडे खेकडा बहुतेक घरांत वर्ज्य आणि कोळंबीवर मतभेद. यजमानीण प्रेमानं चिंबोऱ्यांचं कालवण पुढे ठेवते आणि आपली मंडळी तोंड वाकडं करतात, हे बरं दिसत नाही. घरगुती जेवण सांगतानाच मासा सांगावा. सुरमई, पापलेट, बांगडा, तांदळाची भाकरी, आणि गोडाला सांदण मागावं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. अशा वाडीवर जगणाऱ्या घरांनी त्यानंतर पाहुण्यांना खोल्या द्यायला सुरुवात केली किंवा वाढवली. तिथे भाव करताना हे लक्षात असावं. पुण्यात चहाला जेवढे देतो त्याच्यासाठी तिथे घासाघीस करणारे पाहिले की वाईट वाटतं.

बघण्यासारखं काय, तर जंजिरा सगळे बघतात. राजपुरीहून शिडाची होडी, सिद्दींचा किल्ला, कलालबांगडी तोफ. सिद्दींचं हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. पण परतताना राजपुरीजवळच खोकरी इथे सिद्दी सरदारांचे दगडी घुमट आहेत, तिथे थांबणारे फार कमी. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी इथला दगड कोरून इथेच कबरी बांधल्या. शांत जागा आहे, फातिहा पढावी आणि पुढे जावं.

माझ्या मते मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो दाभोळला. इथे पोहायचा किनारा नाही, म्हणून पर्यटक येत नाहीत. वाशिष्ठीच्या खाडीवरचं हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचा दरवाजा होतं. अरबस्तान-इराणचे घोडे इथे उतरत, इथून गलबतं होर्मुझ-जेद्दाहकडे निघत, पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी निकितिन परतीच्या वाटेला इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज अल्मेदानं ते जाळलं. खाडीच्या काठाशी चार मिनार आणि घुमट असलेली काळ्या दगडाची मशीद आहे, सतराव्या शतकातली. लोक सांगतात, विजापूरची एक शहजादी हजला निघाली, समुद्रात धोका होता म्हणून जाता आलं नाही, तेव्हा हजसाठी आणलेला पैसा तिनं या मशिदीला लावला. किस्सा किती खरा कुणास ठाऊक, पण मशिदीला आजही तिच्याच नावानं, मासाहेबांची मशीद, म्हणतात. मशीद पाहून धक्क्यावर या, फेरीबोटीत गाडीसकट चढा आणि पलीकडे धोपाव्याला उतरा. खाडीच्या मधोमध आल्यावर मागे वळून पाहिलं की ते मिनार गलबतातल्या माणसांना कसे दिसत असतील ते कळतं.

एक सूचना राहिली. मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीजवळचं, धोंडो केशव कर्व्यांचं गाव. मोबाईलवर नुसतं 'मुरूड' टाकून निघालेली कुटुंबं भलत्याच खाडीच्या काठावर पोचतात. जिल्ह्याचं नाव टाका.

आणि निघण्यापूर्वी हे गणित मुलांना घालून बघा : शाबानच्या सातव्या तारखेला दुपारी बारा वाजता दिवेआगरला पाणी कुठे असेल? सात अधिक एक आठ, आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटीचा तळ. दुपारी एकपासून असरपर्यंत पाणी चढतं, दिवस भांगेचे. कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं खूण करून ठेवा.