उलटून आलेला ताप

पावसाळा स्थिरावला की घरोघरी इन्फ्लुएंझाची वर्दी येते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दुकानातून प्रतिजैविके आणण्याचा परिपाठही सुरू होतो. वस्तुतः विषाणूवर ज्यांची मात्रा मुळीच चालत नाही अशा त्या गोळ्यांपेक्षा विश्रांती, पेज, भरपूर पाणी आणि बेताने दिलेले पॅरासिटामॉल हीच बहुतेकांस पुरेशी चिकित्सा होय. (मुलांना ॲस्पिरिन मात्र कदापि देऊ नये.) परंतु घरगुती शुश्रूषेची हद्द कोठे संपते, याविषयी आमच्या कुटुंबांत विलक्षण गाफीलपणा आहे. चार दिवसांनी ताप उतरून रुग्ण उठून बसला, आणि पुन्हा थंडी भरून खोकला बळावला, तर तो नुसता अशक्तपणा नसून न्यूमोनियाची चाहूल असू शकते. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतील बहुसंख्य मृत्यू अशाच जिवाणुजन्य न्यूमोनियाने ओढवले होते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे, मुलाला आठ तास लघवी न होणे, यांपैकी एकही दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. गर्भवती, मधुमेही, दमेकरी, वृद्ध आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर प्रारंभीच सल्ला घ्यावा, कारण ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत विशेष गुणकारी ठरते, आणि नेमके तेच तास आपल्याकडे काढ्यात आले किती घालावे या खलबतात खर्ची पडतात.