चार गुरुवार, चार रविवार

मार्गशीर्ष लागला की उमरखेडच्या घराघरांत गुरुवारची तयारी सुरू होते. घट मांडावा, कलशाला पाने लावावीत, कथा वाचावी, शेजारणींना हळदीकुंकवास बोलवावे आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन करावे, असा हा क्रम आमच्या माताभगिनींच्या अंगवळणी पडलेला आहे. बाहेर काळ्या रानांत कापसाची वेचणी चाललेली असते, तुरी शेंगांनी वाकलेल्या असतात आणि दत्तजयंतीच्या निमित्ताने माहूरगडाकडे भाविकांची रीघ लागते. नेमक्या याच सुमारास ख्रिस्ती घरांतही एक व्रत चालू असते, याची जाणीव आम्हांपैकी फारच थोड्यांना असेल. नाताळापूर्वीचे चार रविवार ते 'आगमनकाळ' म्हणून पाळतात. दर रविवारी एक दिवा अधिक लावायचा आणि चौथ्या दिव्यानंतर प्रभुजन्माची वाट पाहायची, अशी ही रीत आहे.

या दिव्यांची कथा श्रद्धावंत वाचकांनी ऐकावी अशी आहे. जर्मनीतील हांबुर्ग शहरात योहान हिनरिख विखर्न नावाचे एक ल्युथरन धर्मोपदेशक होते. अनाथ व निराधार मुलांसाठी त्यांनी एक आश्रम चालविला होता. मुलेच ती! डिसेंबर लागला की रोज विचारीत, नाताळ आता किती दिवसांवर आला? उत्तर देता देता थकलेल्या विखर्न यांनी १८३९ साली एका जुन्या गाडीचे चाक घेतले, त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी लहान तांबड्या आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक लावण्यास आरंभ केला. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. पुढे ही चाल घरोघरी गेली, चाक लहान झाले आणि दिवे चारच उरले. आज जगातील अनेक पंथांच्या चर्चमध्ये हे चार दिवे लागतात; त्यांचा उगम मात्र एका धर्मोपदेशकाने पोरक्या मुलांसाठी केलेल्या खटाटोपात आहे. ज्यांच्या दारात आजही गाडीचे मोडके चाक भिंतीला टेकून उभे असते, त्या आमच्या शेतकरी वाचकांना ही कथा परकी वाटू नये.

ज्या मार्टिन लूथर यांच्या नावाने हा पंथ ओळखला जातो, त्यांचे कार्यही मराठी माणसास सहज उमगणारे आहे. १५२२ साली त्यांनी नवा करार आपल्या लोकांच्या जर्मन भाषेत आणला आणि उपासनेत सामान्य जनांनी आपल्याच बोलीत गावे म्हणून स्वतः गीते रचली. शके १२१२ मध्ये ज्या भूमीत गीतेचा अर्थ मराठीत उतरला आणि ज्या भूमीत अभंगाने देवळाचा उंबरठा ओलांडून शेताच्या बांधावर वस्ती केली, तिला या खटपटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

ल्युथरन मंडळ्या यवतमाळात नव्हे, शेजारच्या मुलखात आहेत. १८७७ साली स्वीडनमधील मिशनरी मध्यप्रांतात आले आणि छिंदवाडा, बैतूल या भागांत त्यांचे काम वाढले. या भागांत मराठी बोलणारी गावेही आहेत. यवतमाळ जिल्ह्यात प्रामुख्याने फ्री मेथॉडिस्ट मिशनचे काम झाले. यवतमाळ शहरात १९५३ पासून १९८३ पर्यंत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे एक मोठे विद्यालय होते. पुढे ते पुण्यास गेले. तरीही या जिल्ह्यात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत. इतक्या थोड्या माणसांची मंडळी नाताळच्या आठवड्यात गाणी म्हणत फिरते, मुलांकडून जन्मकथेचे नाटक बसवून घेते, हंगाम घरात आला की देवापुढे धान्य ठेवते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शाळा भरविते आणि या प्रसंगांना शेजारपाजाऱ्यांनाही बोलाविते. प्रश्न उभा राहतो तो या बोलावण्यापाशी. जावे की न जावे?

हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही, कारण त्यामागील शंका खरी आहे आणि विदर्भात तर तिला इतिहासही आहे. यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशात होता त्या काळी, १९५४ साली, तेथील सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करविली. शाळा, दवाखाने यांच्या आडून धर्मांतरे होतात, असा आक्षेप त्या समितीच्या १९५६ च्या अहवालात आहे. ख्रिस्ती समाजाने त्यावर तीव्र हरकती घेतल्या. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. तेव्हा भुकेल्याला घास देताना त्याच्या धर्माची किंमत लावू नये, ही अपेक्षा चर्चने आमच्याकडून ऐकून घ्यावीच. घोंगडी वाटली तर ती थंडीसाठी वाटली जावी, हजेरीपटासाठी नव्हे.

परंतु तेच माप आम्ही आमच्या पदरीही घालून पाहावे. दत्तजयंतीच्या भंडाऱ्यात पंगतीला बसलेल्याला आम्ही त्याचा धर्म विचारीत नाही आणि जेवून उठताना तो आमचा झाला असेही मानीत नाही. मिशनच्या दवाखान्यात आमच्या लेकीसुनांची बाळंतपणे झाली, मिशनच्या शाळांत आमची मुले शिकली. तेव्हा आम्हांस धर्मभय वाटले नाही. मग वर्षातून एकदा, गाणे ऐकण्यासाठी आणि केकचा तुकडा खाण्यासाठी बोलावणे आले असता मात्र आम्ही दार लोटून घ्यावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? ज्या घरात तुळशीपुढे रोज दिवा लागतो, त्या घराची श्रद्धा एका संध्याकाळच्या गाण्याने ढळेल इतकी पातळ नसते. ढळतच असेल, तर दोष बोलावणाऱ्याचा खचित नव्हे.

आणि ते गाणे तरी परके कोठे असते! कोकणात जन्मलेले, नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्याकडे काम केलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले; पण त्यांनी आपली मराठी सोडली नाही. अभंग, भजन, कीर्तन यांचा साज त्यांनी ख्रिस्ती उपासनेला चढविला. आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते म्हटली जातात. टिळकांच्या धर्मांतराने त्यांच्या घरावर केवढे दुःख कोसळले, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपवून ठेवलेले नाही आणि त्या दुःखाचा विसर पडू द्यावा असे आम्हांसही म्हणावयाचे नाही. मात्र त्याच ग्रंथात, माणूस माणसाच्या हातचे पाणी प्यायला कसा शिकतो, हेही आहे. आणि तो ग्रंथ वाचून हसलेली व रडलेली घरे बहुतेक हिंदूंचीच आहेत.

तेव्हा यंदा शेजारच्या ख्रिस्ती घरातून बोलावणे आले, तर जाताना हात रिकामे नेऊ नयेत. हंगामाचे दिवस आहेत, घरात नवी तूर आली असेल तर मूठभर तीच न्यावी. गाणे ऐकावे, मुलांचे नाटक पाहावे, न पटणारे काही कानी पडले तर तेथेच सौजन्याने तसे सांगावे. आणि तेवढ्यावर थांबू नये. नाताळानंतर तिसऱ्या आठवड्यात संक्रांत येते. चार गुरुवारांचे हळदीकुंकू झाले तेव्हा त्या घरचा उंबरठा चुकला असेल, तर निदान तिळगुळाची वाटी घेऊन आमच्या मुलांनी त्या दारात जावे.