नाण्यावरचा छोटा राजा

एक रुपयाची चार नाणी तळहातावर घ्या. साधारण तेवढ्या वजनाचं चांदीचं एक नाणं आज पाहू. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सीरियाच्या राज्यात, अँटिऑक शहरात ते पाडलं गेलं. (नाणी ‘पाडतात’ बरं का, ‘बनवतात’ नाही!) तिथे तेव्हा ग्रीक घराणं राज्य करत होतं.

नाण्यावर एक मुलगा आहे. कुरळे केस, डोक्याभोवती सूर्यासारखे किरण. हा राजा सहावा अँटिओकस. याच्या आईवडिलांचं लग्न इ. स. पूर्व १५० मध्ये झालं आणि इ. स. पूर्व १४५ मध्ये वडील मारले गेले. मग डायोडोटस नावाच्या सेनापतीने त्याला गादीवर बसवलं. करा बघू हिशेब! राजेसाहेब फार तर पाच वर्षांचे. नाण्यावर मात्र चांगले मोठे दिसतात. एवढासा राजा कोण मानणार? म्हणून कारागिराने वाढवला असेल.

आता नाणं उलटू या. घोड्यांवर दोन जुळे वीर, भोवती राजाचं नाव आणि काही सुटी अक्षरं. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. थीटा म्हणजे ९, क्सी म्हणजे ६०, ऱ्हो म्हणजे १००. झाले १६९. आपला शालिवाहन शक असतो ना, तसा या घराण्याचा शक होता. तो इ. स. पूर्व ३१२ पासून मोजत. म्हणजे हे साल इ. स. पूर्व १४४-१४३. दुसऱ्या काही नाण्यांवर १७० आहे. राजाने स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, पण त्याची वर्षं अशी नाण्यांवर राहिली.

आणखी तीन अक्षरं आहेत : टाऊ, ऱ्हो, उप्सिलॉन. ‘ट्रू’. डायोडोटसने पुढे ट्रायफॉन असं नाव घेतलं. ही त्याच नावाची सुरुवात, असं बरेच अभ्यासक मानतात. चेहरा मुलाचा आणि पाठीमागे सेनापतीचं नाव! मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, मग खरा राजा तोच ना?”

बरोबर ओळखलंस, बाळ. तीनेक वर्षांतच मुलगा मेला. शस्त्रक्रियेत दगावला, असं ट्रायफॉनने लोकांना सांगितलं. जुन्या रोमन इतिहासात मात्र वेगळंच आहे. वैद्यांना लाच देऊन, मुतखड्याचं खोटं निमित्त करून त्याला मारवलं. त्या इतिहासात त्याचं वय दहा दिलंय, पण लग्नाचं साल पाहता ते जमत नाही. सात-आठ असेल.

त्यानंतर ट्रायफॉनने स्वतःची नाणी पाडली. त्यांवर शिंग लावलेलं मोठं शिरस्त्राण आहे. घराण्याचा जुना शक त्याने सोडला आणि वर्षं पुन्हा १ पासून मोजायला घेतली.