सेखोंचे नॅट एकआसनी होते : लढाऊ विमानांच्या मॉडेल-किटमधील अचूकतेविषयी

१/
१४ डिसेंबर १९७१. श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानी सेबर विमानांचा हल्ला सुरू असतानाच १८व्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपले नॅट आकाशात घेतले. समोर सहा सेबर होती. त्या झुंजीत सेखों यांना वीरमरण आले. भारतीय वायुदलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. त्यांच्या विमानात आसन एकच होते. हा तपशील किरकोळ नाही; प्रस्तुत थ्रेडचा विषयच तो आहे.

२/
हौशी मंडळींच्या कपाटांत भारतीय तिरंगी वर्तुळे चिकटवलेले दोन आसनांचे नॅटही आढळते. त्याखाली मोठ्या अभिमानाने '१९७१' असे लिहिलेले असते. कोणी चूक दाखवली, की उत्तर ठरलेले : "प्लास्टिकचे खेळणे ते, त्यात मिलिमीटर काय मोजायचे? भावना महत्त्वाची." हे उत्तर ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात तो इतिहासाविषयीचा आळस आहे, आणि त्याचा प्रतिवाद झाला पाहिजे.

३/
आधी वस्तुस्थिती. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी फॉलंड कंपनीसाठी आखलेले नॅट मुळात हलके, एकआसनी लढाऊ विमान होते. ब्रिटिश वायुदलाने हा लढाऊ प्रकार सेवेत घेतलाच नाही. भारत, फिनलंड आणि युगोस्लाव्हिया यांनी तो घेतला. भारताने तर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये परवान्याखाली त्याचे उत्पादन केले. ब्रिटनने घेतले ते वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बनवलेले दोनआसनी नॅट टी.१.

४/
टी.१ म्हणजे मूळ विमानात एक खुर्ची वाढवली, इतकेच नव्हे. लढाऊ नॅटची लांबी ८.७४ मीटर, टी.१ची ९.६८ मीटर. पंखविस्तार अनुक्रमे ६.७३ आणि ७.३२ मीटर. पंखांचे क्षेत्रफळ सव्वापटीहून अधिक वाढले. शेपटीचा उभा पंख मोठा झाला. लढाऊ नॅटमध्ये एलेरॉन पंखाच्या आतल्या बाजूस असून तेच खाली झुकून फ्लॅपचे काम करीत. टी.१मध्ये फ्लॅप वेगळे झाले आणि एलेरॉन पंखांच्या टोकांकडे गेले.

५/
आणि सर्वांत बोलका फरक : लढाऊ नॅटच्या हवाद्वारांच्या दोन्ही अंगांना ३० मिलिमीटरची एकेक एडन तोफ होती. टी.१मध्ये त्या तोफा नाहीत. म्हणजे ज्या शस्त्राने सेखों लढले, तेच शस्त्र त्यांच्या नावाने सजवलेल्या मॉडेलवर नसते. यापुढे 'भावना महत्त्वाची' म्हणणाऱ्यांनी ती भावना नेमकी कोणत्या वस्तूला वाहिली आहे, याचे उत्तर द्यावे.

६/
आता मिलिमीटरांचा हिशेब. १:७२ या प्रमाणात लढाऊ नॅट सुमारे १२१ मिलिमीटर लांब भरते, टी.१ सुमारे १३४. फरक १३ मिलिमीटर, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या मॉडेलच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक. हा फरक ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. शाळेतली पट्टी पुरते.

७/
मग ही गफलत होते तरी कशी? उत्तर बाजारपेठेच्या इतिहासात आहे. एअरफिक्स ही ब्रिटिश कंपनी, तिचे मुख्य गिऱ्हाईक ब्रिटिश, आणि ब्रिटिश माणसाला माहीत असलेले नॅट म्हणजे १९६५ ते १९७९ या काळात कसरती करणाऱ्या रेड ॲरोज पथकाचे लाल टी.१. साहजिकच सर्वपरिचित किट त्याचेच झाले. यात कंपनीचा कट नाही. ज्याच्या हाती साचा, त्याचीच आठवण प्लास्टिकमध्ये ओतली जाते, एवढाच याचा अर्थ. दफ्तरखान्यांतही हेच घडते : ज्याने कागद जपले, त्याच्या नजरेने घटना दिसतात.

८/
अचूकतेचा आग्रह हे म्हणूनच स्वतःची आठवण दुसऱ्याच्या साच्यातून सोडवून घेण्याचे काम आहे. ते केवळ नॅटपुरते नाही. नाशिकजवळच्या ओझर येथे परवान्याखाली तयार झालेले मिग-२१ एफएल घ्या. त्याची कॅनॉपी एकसंध, पुढच्या बाजूस बिजागरी असलेली. नंतरच्या पीएफएम प्रकारात समोरची काच स्थिर आणि कॅनॉपी बाजूला उघडणारी. पीएफएमच्या किटवर १९७१च्या एफएलचे क्रमांक चिकटवले, की ओझरच्या कामगारांनी बनवलेले यंत्रच पुसले जाते.

९/
कालविपर्यासाचे उदाहरण तर याहून सोपे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने नॅट सुधारून 'अजित' घडवले. पंखांतच इंधन साठवण्याची सोय झाल्याने पंखांखालची जागा शस्त्रांसाठी मोकळी झाली. या अजितचे पहिले उड्डाण १९७५चे. त्यावर १९७१च्या युद्धाची चिन्हे रंगवणे म्हणजे पानिपतावर आगगाडी नेण्यासारखे आहे. फक्त अंतर कमी असल्यामुळे ते डोळ्यांत खुपत नाही.

१०/
पण येथे दुसऱ्या पक्षाचीही झडती घेतली पाहिजे. काही अचूकतावादी पत्र्यांच्या सांध्यांवर तासन्‌तास वाद घालतात. १:७२मध्ये ०.३ मिलिमीटर रुंदीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरहून रुंद चर. असा चर कोणत्याही लढाऊ विमानावर नव्हता. तरीही ती खाच आणखी कोरून, काळी शाई भरून 'वास्तव' म्हणून मिरवली जाते. आकार चुकलेल्या विमानावर रिबेटी मोजण्यात विद्वत्ता नाही. आधी प्रकार, मग आकार, मग काळ, आणि शेवटी रिबेटी, हाच क्रम योग्य.

११/
पुराव्यांनाही उतरंड असते. चौकात उभारलेले किंवा संग्रहालयातले विमान पाहून रंग ठरवणे धोक्याचे, कारण अशी विमाने अनेकदा नव्याने रंगवलेली असतात, त्यांचे भाग बदललेले असतात. डब्यावरचे चित्र ही तर जाहिरात. तारीख ठाऊक असलेले समकालीन छायाचित्र यांपेक्षा वरचढ. १९७१मध्ये मिग-२१ विमानांवर घाईने चढवलेले रंगपट्टे एकमेकांशी जुळत नाहीत. तेथे 'सर्वसाधारण भारतीय रंगसंगती' असे काही गृहीत धरताच येत नाही.

१२/
वस्तूच्या साक्षीलाही मर्यादा आहे. १९६५च्या युद्धात पसरूर येथे उतरलेले भारतीय नॅट आज कराचीच्या संग्रहालयात आहे. ते विमान कसे होते, हे धातू सांगेल. ते तेथे का उतरले, याविषयी दोन्ही देशांची कथने वेगळी आहेत. अचूक मॉडेल इतिहासाची जागा घेत नाही. मात्र चुकीचे मॉडेल त्याची वाट अडवते.

१३/
राहिला खर्चाचा आक्षेप. परदेशी किट महाग असते, हे खरेच. पण अचूकतेची सुरुवात पैशाने होत नाही. खऱ्या विमानाची मापे ७२ने भागून कागदावर बाह्याकृती काढावी आणि किटचे भाग त्यावर ठेवून पाहावे. एकआसनी नॅटची स्वतंत्र किटेही निघाली आहेत. ती परवडत नसतील, तर टी.१ लाल रंगात टी.१ म्हणूनच जोडावे. तेही देखणे विमान आहे. धड कापून, पंख आखूड करून रूपांतर करणारे तर कौतुकास पात्र आहेत.

१४/
आणि हे काहीच शक्य नसेल, तर बैठकीवर एक चिठ्ठी लावावी : 'किट टी.१चे, १९७१चे विमान एकआसनी, आखूड, तोफांसह.' या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, केवळ प्रामाणिकपणा लागतो. मॉडेल पाहायला आलेले लहान मूल ती वाचेल आणि विचारेल, "मग खरे विमान कसे होते?" त्या प्रश्नाचे उत्तर देता येणे, हीच सेखोंच्या स्मृतीची राखण. कपाटातले नॅट आज खाली काढून त्याची आसने मोजायला हरकत नाही.