काल्याआधी उठवलेला सप्ताह

‘सावित्रीजोती’ ही फुले दांपत्यावरची मालिका बंद झाली त्याला आता वर्षं लोटली, पण आमच्या घनसावंगीत विषय निघाला की अजून दोन तट पडतात. जानेवारी २०२० मध्ये, सावित्रीबाईंची जयंती नुकतीच होऊन गेलेली असताना ही मालिका सोनी मराठीवर सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर गुंडाळली गेली. कारण एकच सांगितलं गेलं, टीआरपी नाही. मालिकेला संशोधनाची बाजू पुरवणारे प्रा. हरी नरके यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ओंकार गोवर्धनचा जोतीराव आणि अश्विनी कासारची सावित्री रोज संध्याकाळी घरात येऊन बसायची, ती एकदम येईनाशी झाली. ज्यांनी पाहिली त्यांना हे लागलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे लागणंच हास्यास्पद वाटतं. या हसणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ.

पहिलं म्हणणं असं : एक सिरियल गेली, दुसरी येईल, त्यात एवढं काय? त्या वर्षी अतिवृष्टीने सोयाबीन हातचं गेलं, माणसं कोरोनाने गेली, आणि तुम्हाला सिरियलचं पडलंय!

हे बोलणारा माणूस आयपीएलमधला एक झेल सुटला तर चार दिवस हळहळतो, हे सोडून देऊ. पण मुद्दा मुळातच उलटा आहे. २०२० हे काही साधं वर्ष नव्हतं. मार्चमध्ये शाळांना कुलूप लागलं. आमचे तेव्हाचे आमदार राजेश टोपे राज्याचे आरोग्यमंत्री होते. सकाळ-संध्याकाळ त्यांचा चेहरा टीव्हीवर आणि त्याखाली रुग्णांचे आकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरी घरात बसून होत्या, ऑनलाइन वर्ग म्हणजे बापाचा मोबाइल रिकामा असेल तेव्हाची गोष्ट. आणि त्याच वर्षी, त्याच टीव्हीवर, १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारं जोडपं शेणगोळे झेलत होतं. शाळा बंद असताना शाळेची गोष्ट बघणं हा विरंगुळा होता असं ज्याला वाटतं, त्याने त्या पोरींना विचारावं. सोयाबीनचं दुःख होतंच. माणसाला एका वेळी दोन दुःखं असू शकतात, पीकविम्याच्या अर्जात त्यासाठी रकाना नसला तरी.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे, म्हणून त्यापाशी जरा थांबू. लोकांनी पाहिली नाही म्हणून बंद पडली. रिमोट हेच मत, टीआरपी हाच निकाल. लोकशाहीत रडीचा डाव चालत नाही.

मग मतमोजणी कशी होते तेही बघू. देशात टीव्ही असलेली घरं त्या वेळी सुमारे २१ कोटी. त्यांतल्या साधारण ४४ हजार घरांत ‘बार्क’ या संस्थेचे मीटर होते. त्या घरांनी काय पाहिलं त्यावरून उरलेल्या सगळ्यांनी काय पाहिलं हे ठरतं. नमुना घेऊन अंदाज बांधण्यात चूक काही नाही. भात शिजला का ते आपणही शितावरूनच बघतो. पण हे ४४ हजार सगळ्या भाषांत, सगळ्या राज्यांत, शहरात आणि खेड्यात वाटायचे. त्यातून मराठी बघणारी घरं काढा, त्यातून ग्रामीण काढा, त्यातून संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाला टीव्ही चालू असलेली काढा, त्यातून ऑगस्ट २०१८ मध्ये जन्मलेल्या नव्या वाहिनीवर असलेली काढा. हातात किती उरतील? जुन्या, मोठ्या वाहिनीच्या आकड्यात पाच-दहा घरं इकडची तिकडे झाली तर फरक कळतही नाही. लहान वाहिनीच्या आकड्याचं त्यानेच पाणी होतं. आकडा जितका लहान, तितकी त्यातली चूक मोठी, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात. आमच्या घरात मीटर नव्हता. शेजारी असेल तर मला माहीत नाही, कारण कुणाच्या घरी मीटर आहे हे गुप्त ठेवायचं असतं. मत गुप्त असतं हे ठाऊक होतं. इथे मतदारच गुप्त!

ती गुप्तता किती टिकते याची चर्चा नेमकी ‘सावित्रीजोती’च्या शेवटच्या महिन्यांत देशभर चालली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी, मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचा आरोप केला. बार्कने त्याच महिन्यात वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. तो खटला पुढे सरकारनेच मागे घेतला, आणि या मालिकेच्या आकड्यांत कुणी गडबड केली असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या तराजूबद्दल खुद्द मापाडीच साशंक झाला होता, त्याच तराजूचा काटा आमच्या तोंडावर ‘लोकमत’ म्हणून फेकू नका.

शिवाय मत द्यायला आधी मतदार यादीत नाव लागतं. फेब्रुवारी २०१९ पासून ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या नियमांनी वाहिन्या निवडून त्यांचे पैसे भरण्याची पद्धत आली. ज्याच्या पत्र्यावर दूरदर्शनची फ्री डिश आहे त्याला महिन्याचं रिचार्ज मागणाऱ्या वाहिन्या दिसतच नाहीत. आमच्याकडे तर रिचार्ज असलं तरी लाईट असेल याची खात्री नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांची गोष्ट बघण्यात ज्याला सगळ्यात जास्त गोडी वाटली असती, तो कास्तकार त्या वेळी मोटार सुरू करायला रानात गेलेला. त्याने मालिका नाकारली असं म्हणायचं?

आता तिसरं म्हणणं, आणि हे आमच्याच बाजूच्या लोकांचं आहे म्हणून जास्त टोचतं. मराठी प्रेक्षकाला सासू-सुनाच हव्यात, त्याची लायकीच नाही फुले बघायची. मालिका बंद झाली तेव्हा रागाच्या भरात असं पुष्कळ बोललं गेलं. मला हे मान्य नाही. मे २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली डॉ. आंबेडकरांवरची मालिका २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. प्रेक्षक तोच, मराठीच. निर्मातेसुद्धा तेच, दशमी क्रिएशन्स. फरक होता तो वाहिनीचा पसारा, वेळ आणि वर्षाचा. ‘सावित्रीजोती’ला पाय रोवायला अडीच महिने मिळाले आणि मार्चमध्ये शूटिंगच थांबलं. रोजच्या मालिकेची सवय मोडली की ती परत लागायला वेळ जातो. जुलैत मालिका परतल्या तेव्हा सेटवर माणसं मोजून घ्यायची होती, आणि एकोणिसाव्या शतकातला पुण्याचा बाजार मोजक्या माणसांत उभा करायचा होता. प्रेक्षकाला नालायक ठरवणं सोपं असतं. तसं केलं की वाहिनीला काही विचारायचं कारणच उरत नाही. हां, एक मात्र खरं. तीन जानेवारीला सावित्रीबाईंचं स्टेटस ठेवणाऱ्या कितीतरी जणांनी ही मालिका एक दिवसही लावली नव्हती. त्यांनी बंद झाल्यावर गळा काढला, तो फुकटचा होता.

पुस्तकं आहेत, वाचा, असंही कुणी सांगतं. वाचलीत. आचार्य अत्र्यांचा १९५४ चा ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही आहे. पण दोन-अडीच तासांत जे बसतं ते बसतं. सावित्रीबाई जोतीरावांच्या मागे सहा वर्षं जगल्या, सत्यशोधक समाजाचं काम पाहिलं, आणि १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी ओतूरहून लिहिलेलं पत्र आहे. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह आहे. हे सगळं सावकाश, रोज वीस मिनिटं, घरातल्या म्हातारीला आणि पाचवीतल्या पोरीला एकत्र बसून बघता येईल असं सांगणं फक्त मालिकेला जमतं. १८४८ ते १८९७ हा काळ रोजच्या मालिकेच्या चालीने एका वर्षात, त्यातही काही महिने शूटिंग बंद असलेल्या वर्षात, मावणार कसा? तक्रार नेमकी इथे आहे. मालिका संपली याचं दुःख नाही. संपायचंच असतं. सुरू करताना किती लांब जायचं ते ठरलेलंच नव्हतं, याचं आहे.

आधी लांबी ठरवणं म्हणजे काय ते आमच्या तालुक्यात बघा. इथे गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस म्हणजे सात दिवस. तिसऱ्या दिवशी मंडपात माणसं कमी दिसली म्हणून कुणी वीणा खाली ठेवत नाही, आणि गर्दी उसळली म्हणून सप्ताह महिनाभर लांबवतही नाही. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की उठायचं. यावर एक हुशार माणूस मला म्हणाला, सप्ताह वर्गणीवर चालतो, मालिका जाहिरातीवर. बरोबर. पण वर्गणी मागायला निघण्याआधी सात दिवस ठरलेले असतात. आधी लांबी, मग पैसा. मालिकांच्या धंद्यात हेच उलटं झालं आहे : आधी पैसा, मग जमेल तेवढी लांबी. म्हणून आटलेल्या गोष्टी चार-चार वर्षं फरफटतात आणि भरलेली गोष्ट बाराव्या महिन्यात खुडली जाते. दोन्ही एकाच रोगाची लक्षणं आहेत.

हे काही स्वप्नरंजन नाही. दूरदर्शनच्या जमान्यात तेरा भागांची मालिका मंजूर व्हायची आणि तेरा भागांत गोष्ट सांगून लोक मोकळे व्हायचे. श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची होती. पाच हजार वर्षं त्यात बसवली, त्यात फुल्यांवरही एक भाग होता आणि सदाशिव अमरापूरकर जोतीराव झाले होते. मग कुणाच्या आयुष्याची मालिका करताना शंभर-सव्वाशे भाग आधी लिहून, खर्च आधी मांडून, तेवढ्याच्या जाहिराती विकून का करता येऊ नये? तोटा झाला तर तो किती, हेही आधी कळतं. सरकारने पैसे देऊन अशा मालिका चालवाव्यात असं काहींना वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं. आज पैसे देणारा उद्या संवाद तपासायला मागेल, आणि जोतीरावांचे संवाद तर कुठल्याच सरकारला पूर्ण पचणारे नाहीत.

चाहत्यानेही थोडं बदलायला हवं. आवडत्या मालिकेसाठी आपण पहिल्या दिवशी टाळ्या वाजवतो आणि शेवटच्या दिवशी शिव्या देतो. मधल्या काळात वाहिनीला चार ओळी कुणी लिहीत नाही. ११ एप्रिल २०२७ ही जोतीरावांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होण्याची तारीख, आणि ३ जानेवारी २०३१ ही सावित्रीबाईंच्या. एखादी तरी वाहिनी तेव्हा नवी मालिका घेऊन येणार, चौकाचौकात फलक लागणार, आमच्या बसस्टँडवरही लागेल. तेव्हा सावित्री कोण झाली आहे आणि लुगडं त्या काळातलं आहे का यावर वाद घालण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा : भाग किती, आणि त्यात १८९७ येतं का? उत्तर मिळालं नाही, तर मी तरी पहिला भाग लावणार नाही.